मनकर्णाअक्काच्या भिंतीवरचे सात गोळे

…न्हाई गं, ते खोड. 'माझी आजी फार कष्टाळू' आसं काहून लिहून राहिली? कष्ट कोन करत न्हाई इथं? तुला मपल्या कामाचं लिहायचंय ना कालेजच्या अंकात, मंग मी सांगते तसं लिही. मधात तुझं शहानपन घालू नको. मी थांबले की तूही थांब.

कुठं व्हतो आपन? हां, टोपी. हिंगोलीच्या त्या मास्तरच्या घरी कपाटातून आहेराचे टॉवेल-टोपी निघाले, ढीगच्या ढीग. त्यातल्या एका टोपीच्या आत निळ्या पेनाचा ठिपका. म्या ती वळखली. तीच टोपी गोरेगावात एका घरी पाह्यली व्हती, अन् त्याच्या आधी आपल्याच घरात. तुझ्या आजोबाला कोन्या लग्नात आली, आपन दुसऱ्या लग्नात दिली, तितून ती हिंगोलीला पोचली. एकाच्याही डोक्यावर बसली न्हाई, पन समद्यांच्या कपाटात राहून आली. मास्तरची बायको म्हने, "मावशी, ही टाकायची कशी, आहेराची हाये." म्या म्हनलं, "टाकू नका, पुढच्या लग्नात द्या. तिला सवय हाये."

आता कोमल, तुमी लोकं ह्याला काई तरी मोठं नाव देता. मपल्या टायमाला ह्याला दसरा काढनं म्हनायचे. घट बसायच्या आधी समदं घर अंगनात आनायचं. भांडी, वाकळा, कनग्या, देवाचं, आडगळीचं. धुवायचं, भिंती सारवायच्या, अन् पुन्हा आत लावायचं. ज्याच्या घरी बायामानूस कमी, ते मला बोलवायचे. प्रभू, म्हनजे तुझे आजोबा, गेले तव्हापासून मपला खांदा खुरप्याला साथ देईना. मंग हेच काम धरलं. आधी गावात, मंग गोरेगावात, मंग जीपनं हिंगोलीला. आता तर दसऱ्याची वाटही कोनी पाहात न्हाई. लग्न निघालं बोलवा, रंग द्यायचा बोलवा, घरात कोनी गेलं तरी बोलवा.

मपली काम करायची एक रीत व्हती. व्हती म्हनते मी, ते तसंच लिही.

घरधनीन अंगनात बाजेवर बसली पाहिजे. तिला म्या उठू द्यायची न्हाई. एकेक वस्तू मी आतून आनायची, तिच्या हातात द्यायची अन् इचारायचं, ठेवायची का द्यायची. खाली तीन बारदाने आंथरलेले. एकावर ठेवायचं, एकावर द्यायचं, अन् तिसऱ्यावर ज्याचं ठरत न्हाई ते. त्या तिसऱ्या बारदान्याचा ढीग नेहमी मोठा. सांजच्याला त्या ढिगातलं एकेक पुन्हा हातात द्यायचं. तिचा हात लागल्याबिगर घरातली काडी बाहेर जायची न्हाई. ह्याच्यामुळं लोकं मपल्यावर घर सोडायचे. चाव्या द्यायचे.

अन् हे म्या मोडलं. ते सांगाया बसले, टोपीचं सांगाया न्हाई.

मनकर्णाअक्का तुला ठाव्या हायेत. तातेरावाची बायको, विजयकुमारची आई. तू ल्हान व्हती तव्हा त्यांच्या वावरात वाळकं खायाला पळायची. वाळकं काकडीवानीच, पन अक्काचं वाळूक येगळं व्हतं. पिवळं धम्मक, ना कडू ना आंबट. त्या लग्न व्हऊन आल्या तव्हा डोंगरकड्याहून, माहेराहून बिया आनल्या व्हत्या. दरसाल कपाशीत चार ओळी वाळकाच्या टाकायच्या. समद्या गावानं खायची. बिया मातर कोनी ठेवल्या न्हाईत. काहून ठेवाव्या? अक्का हायेच की.

त्यांच्या घरचा दसरा मी पंधरा-सोळा वर्सं काढला. दुसऱ्याच्या घरी दोन दिवस लागत तर तितं आठ दिवस. तांब्या हातात दिला की अक्का तो फिरवून पाहायच्या.

"ह्यो कोनाचा, अक्का?"

"कनेरगावच्या भावाचा. धाकल्या बालाजीच्या बारशाला आनलता. येताना नाक्यावर उसाचा रस पेला, अन् ह्यो तितंच इसरला व्हता. मंग पुन्हा सायकल मारत गेला."

"ठेवायचा का?"

"आगं, त्यो येवढा परत गेला ह्याच्यापायी, अन् मी देऊ का?"

आसं एका तांब्याला. अन् तांबे किती, म्या सांगत न्हाई. मी चिडायचे. म्हनायचे, "अक्का, तुमच्या घरात वस्तू कमी अन् पाहुने जास्ती हायेत." तर त्या म्हनायच्या, "सिंधू, तुला घाई असंल तर मलाच उचलून द्यायच्या ढिगात ठेव, लवकर उरकंल." अन् हसायच्या. दात तव्हाच पडले व्हते दोन.

त्यांना अक्षर येत न्हाई, मला येत न्हाई. पन त्या घरातली एकेक वस्तू त्यांना तोंडपाठ व्हती. कोनी दिली, कोन्या साली, पाऊस कसा व्हता. कमरेला चाव्यांचा जुडगा. धान्याच्या खोलीची, पेटीची, मागच्या खोलीची. चालल्या की वाजायचा.

आता ऐक. मागच्या उन्हाळ्यात आरोहीचा साखरपुडा ठरला. आरोही त्यांची नात, विजयकुमारची मोठी. पाहुने संभाजीनगरचे, म्हनून घराला रंग द्यायचं निघालं. रागिणी, विजयकुमारची बायको, मला भेटाया आली. पोरगी वाईट न्हाई हां ती, तसं लिहू नको. ती म्हनली, "मावशी, चार दिवसात घर रिकामं व्हऊन रंगाला पाहिजे. पन आत्या बाजेवर बसल्या तर पावसाळा येईन."

मी काय म्हनावं? म्या म्हनलं, "सासूबाई कुठं गावाला जानार हायेत का? त्या गेल्या की बोलव मला."

हे म्या म्हनलं. तिनं न्हाई म्हनलं. बराबर लिही.

तिनं अक्काला कनेरगावला भावाकडं लावून दिलं आठ दिवसासाठी. भावाच्या डोळ्याचं आपरेशन व्हतं, तर बहीन जवळ आसली बरं, आसं सांगून. अक्का निघताना मपल्या घरावरून गेल्या. जीपमधून म्हनल्या, "सिंधू, घर आवरायचं म्हनते रागिणी. तू हायेस म्हनून जाते." चाव्या रागिणीकडं दिल्या व्हत्या त्यांनी, आठ दिवसापुरत्या.

तीन दिवसात म्या घर मोकळं केलं. बाज रिकामी, कोनाला इचारायचं न्हाई, मपले हात आसे चालत व्हते. रागिणी मोबाईलमधी व्हिडिओ काढायची, आधीचं अन् नंतरचं. स्टेटसला टाकायची. हिंगोलीहून बायांचे फोन येऊन राहिले, ह्या मावशी कोन म्हनून. मला गोड लागलं बाई. खोटं काहून सांगू. साठ वर्सं मपल्याला कोनी पाह्यलं न्हाई, अन् आता लोकं मपलं काम पाहून राहिलेत.

चौथ्या दिवशी मागची खोली राह्यली. तितं जुनी चूल, पानी तापवायची. रागिणी अन् विजयकुमार कपडे घ्याया गोरेगावला गेलेले. मी एकटीच. धान्याची कनगी सरकवली तर मागं भिंतीला शेनाचे गोळे थापलेले. सात. एका वळीत, मुठीएवढे, वरून पाच बोटं उमटलेली.

आता तुला ठावं नसंल तर ऐक. वाळकाच्या, दोडक्याच्या बिया धुवून राखेत घोळायच्या, गाईच्या शेनाच्या गोळ्यात दाबायच्या अन् धूर लागंल अशा भिंतीला थापायच्या. वाळून टनक व्हतात. कीड लागत न्हाई. मिरगाला गोळा फोडायचा, भिजवायचा अन् पेरायचं. मपली आई आसंच करायची. म्हनजे मला काई ठावं नव्हतं आसं म्हनाया जागा न्हाई. मी पाह्यल्या पाह्यल्या वळखलं. हात लावून पाह्यला, अन् मनात म्हनलं, अक्काचं वाळूक.

खुरप्यानं सातही हळू काढले. तिसऱ्या बारदान्यावर ठेवाया निघाले. तितक्यात रागिणीचा फोन. रंगवाला तीनाला येतो म्हनतो, मागची खोली झाली का. म्या म्हनलं झाली. अन् खरं तर अर्धी राह्यली व्हती. तिसरं बारदानं अंगनात, मी आत, वटीत ते गोळे, अन् समोर चूल पेटलेली, पुसायच्या पान्याखाली. मला वाटलं, जुने असतील. पडून राह्यले असतील मागल्या सालचे. कोन आता वाळकं लावतंय. आसं समदं दोन मिंटात वाटलं, अन् म्या ते चुलीत सारले.

मंग तडतड वाजलं. फुटान्यावानी. जुन्या बिया अशा वाजत न्हाईत, पोरी. त्या भरलेल्या व्हत्या. म्या चिमट्यानं एक गोळा बाहेर वढला, फोडला, तर आत समद्या काळ्या. पुन्हा आत ढकलला. भिंत घासली. तीनाला रंगवाला आला, तव्हा भिंत साफ व्हती. पोपटी रंग दिला तिला, अन् वाळल्यावर म्या कनगी पुन्हा जाग्यावर सरकवली.

अक्का आल्या. घरात फिरल्या. मागच्या खोलीच्या दारात उभ्या राह्यल्या जरा वेळ. म्हनल्या, "उजेड पडला गं लई." बस. मला वाटलं निभलं.

मिरग लागला. कपाशीचं बी टोबायला बाया जमल्या अंगनात, मीही डबा घेऊन गेलते. अक्का वाटीत पानी घेऊन मागच्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. वाटी तशीच.

"रागिणी, मपले गोळे कुठंत?"

"कसले गोळे, आत्या?"

"वाळकाच्या बियांचे. भिंतीला थापले व्हते की कनगीमागं. सात."

विजयकुमार खत मोजून राहिलता. म्हनला, "आई, ते मागल्या साली थापले असशील."

"मागल्या सालचे पेरले, त्याची वाळकं तू खाल्ली. हे यंदाचे."

आता एक सांगते, तव्हा घरात आधीच कुजबूज व्हती. अक्कानं एकदा चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा हुडकला, एकदा दूध उतू घातलं. येवढंच. मपला चष्मा तर दर दोन दिवसाला हरवतो. पन बालाजी, त्यांचा धाकला, संभाजीनगरला दवाखान्यात कामाला हाये. तो फोनवर म्हनलता, ह्या वयात डोकं जातं, ध्यान ठेवा. तर विजयकुमारनं खताचं पोतं सोडलं अन् मपल्याकडं वळला. चांगला हळू बोलला. "सिंधूमावशी, खोली तुमी आवरली. भिंतीला काई व्हतं का? खरं सांगा, म्हनजे आईचं आमाला कळंल."

समद्या बाया पाहून राहिल्या. अक्काही पाहून राहिल्या. त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती हां. त्यांना वाटलं, सिंधू हाये, सिंधू सांगंल.

मी म्हनलं, "न्हाई बा. भिंत कोरी व्हती."

काहून म्हनलं? आता सांगताना सांगता येत न्हाई. बायांसमोर लाज वाटली. हिंगोलीची चार घरं ठरली व्हती. सिंधू घरातलं जाळते आसं झालं आसतं. अन् वाटलं, बियाच हायेत, पुडीत मिळत्यात दुकानात. हे समदं नंतर जुळवलेलं हाये. तव्हा तोंडातून आधी शब्द निघाला.

अक्का भांडल्या आसत्या तर बरं व्हतं. वाटीतलं पानी तुळशीला घातलं. मंग कमरेचा जुडगा सोडला अन् रागिणीच्या हातात दिला. "तूच ठेव बाई आता. मपल्या डोक्याचा भरवसा न्हाई राह्यला."

रागिणी म्हनली, "आसू द्या आत्या, ठेवा तुमच्याकडंच." पन घेतल्या.

त्याच्यानंतर मानूस बदललं ते बदललं. मीठ घालायच्या आधी इचारायच्या, घातलं का म्या. घातलं नसायचं, तरी घालायच्या न्हाईत. पापडाचं पीठ भिजवायचं सोडलं, माप चुकंल म्हनून. देवळात जाताना दोनदा वळून पाहायच्या, घर हेच का. गावातली लोकं मोठ्यानं अन् सावकाश बोलाया लागली त्यांच्याशी, जसं ल्हान लेकराशी बोलावं. मी समदं पाहात व्हते. पान्याला जाताना दिसायचं, येताना दिसायचं.

एकदा गेलते सांगाया. खरंच गेलते. अक्का वसरीवर एकट्याच बसल्या व्हत्या. म्या म्हनलं, "अक्का, त्या बियांचं…" तर त्यांनी मपला हात धरला. "राहू दे सिंधू. मपलंच चुकलं. तू भल्यासाठी खरं सांगितलं, दुसरी आसती तर मपलं मन राखाया खोटं बोलली आसती." मंग च्या पेले अन् आले.

दसरा आला. रागिणीनं बोलवलं, मी गेले. म्या अक्काला बाजेवर बसवलं, रीतीनं. म्हनलं, आठ दिवस लागू दे, दहा लागू दे. पयला तांब्या आनला, भावाचाच. हातात दिला.

"ह्यो कोनाचा, अक्का?"

"काय की गं. तूच सांग."

"कनेरगावच्या भावाचा न्हाई का? रसाच्या गाड्यावर इसरला व्हता त्यो?"

"आसंल. मी काई सांगाया जाईन अन् ते दुसऱ्याचंच निघंल. टाक."

"अक्का, बारशाचा हाये."

"टाक म्हनलं ना."

परात आनली, टाक. लग्नातली पेटी आनली, टाक. गेलेल्या नवऱ्याच्या हातची काठी आनली. ती जरा धरून ठेवली, अन् मंग म्हनल्या, "तुला जे वाटंल ते कर. तुला समदं ठावं राहातं." तासाभरात दसरा निघाला, कोमल. तासाभरात. म्या द्यायच्या ढिगातलं समदं उचलून पुन्हा आत लावलं, जितल्या तितं. रागिणी म्हनली, मावशी हे काय उलटं करून राहिल्या? म्या म्हनलं, मपला खांदा दुखतो, उद्या देऊ.

दिवाळीनंतर आरोहीचं लग्न झालं अन् तिच्याच मागं बालाजी अक्काला संभाजीनगरला घेऊन गेला. डोक्याच्या डाक्टरला दाखवून राहिलेत म्हने. गोळ्या चालू केल्यात. रागिणी सांगत व्हती, डाक्टरनं इचारलं, आजी, घरात काय काय इसरता, तर म्हनल्या, "भिंतीवर नसलेलं दिसतं मला."

हे ऐकलं अन् त्या दिवसापासून जेवन जात न्हाई मला. तू काल इचारलं ना, आजी ताटात काहून ठेवते. हे काहून.

डोंगरकड्याला जाऊन आले मी, तुला सांगितलं न्हाई. त्यांच्या माहेरी. तितं आता केळी हायेत, वाळूक कोनी लावत न्हाई. थोरली भावजय म्हातारी म्हनली, "बिया समद्या मनकर्णाकडंच की." मी हो म्हनले अन् परत आले. ते जाऊ दे. वाळूक गेलं ते गेलं, त्याचं पाप मपल्या माथी. पन अक्काचं डोकं गेलं न्हाई. ते जाग्यावर हाये. म्या ते गेलं म्हनून दाखवलं.

विजयकुमारला अन् रागिणीला मी आज सांजच्याला मपल्या पायानं जाऊन सांगनार हाये, अंगनात, त्याच बायांसमोर जमलं तर. पुन्हा कोनी घर दिलं न्हाई तरी चालंल. पन संभाजीनगरला मला जाता येईना, अन् फोनवर अक्काला ऐकू येत न्हाई, बालाजी मधात बोलतो.

म्हनून हे तुमच्या अंकात द्यायचं तव्हा दे, आधी आरोहीला पाठव. अन् तिच्यासाठी खाली येवढं लिही, मी सांगते तसं.

आरोही बाळा, तू तितं काकाच्या घराजवळ हायेस. हे घेऊन आजीकडं जा. दुपारी जा, तव्हा त्या जाग्या आसतात. उजव्या कानाजवळ बसून वाच, डाव्यानं कमी येतं. मोठ्यानं वाच, काकाही आसू दे. मधलं मपलं रडगानं वाचू नको. येवढं सांग की गोळे सातच व्हते, कनगीमागं, एका वळीत, त्यांची बोटं उमटलेली. त्यांनीच थापले व्हते, यंदाचेच व्हते. सिंधूनं जाळले, अन् सिंधू खोटं बोलली. त्या काईच इसरल्या न्हाईत. डाक्टरलाही हेच सांग. अन् तुझ्या आईकडून आधी चाव्या मागवून घे, अन् जाशील तव्हा आजीच्या हातात दे.